नरोरातले सतरा तास

चेर्नोबिल वेबसिरीजमुळे आपल्याला पाठ झालंय. फुकुशिमाही ऐकून माहीत असतं. नरोरा म्हटलं की मात्र बहुतेकांचा चेहरा कोरा. हे अणुवीज केंद्र उत्तर प्रदेशात, बुलंदशहर जिल्ह्यात, गंगेच्या काठावर आहे.

३१ मार्च १९९३. पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. गरगरणाऱ्या यंत्राचा तोल गेला, जनरेटर थंड ठेवणारा हायड्रोजन बाहेर पडला आणि पेटला. मग वंगणाचं तेल पेटलं, आणि आग केबल्सवरून पसरत गेली. ऑपरेटरांनी मिनिटाच्या आत अणुभट्टी बंद केली.

पण अणुभट्टी म्हणजे गॅसची शेगडी नव्हे, की बटण फिरवलं आणि विझली. साखळी प्रक्रिया थांबली तरी इंधनातून उष्णता निघतच राहते. सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के. ती काढायला पाणी हवं, पाण्याला पंप आणि पंपाला वीज. डिझेल जनरेटर होते की! फक्त त्यांच्या केबल्स मुख्य केबल्सच्या सोबतीनेच नेलेल्या होत्या. दोन्ही एकदमच जळाल्या. कंट्रोल रूममध्ये इतका धूर भरला की माणसांना बाहेर पडावं लागलं. पुढचे सतरा तास त्या युनिटला वीज नव्हती.

त्या अंधारात काही ऑपरेटर टॉर्च घेऊन अणुभट्टीच्या इमारतीत वर चढले आणि हाताने व्हॉल्व्ह उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. बोरॉन न्यूट्रॉन शोषून घेतं, त्यामुळे भट्टी पुन्हा जागी होण्याची भीती उरत नाही. उष्णता काढायला आग विझवण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप वापरले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही.

अणुऊर्जेचे समर्थक इथेच थांबतात: बघा, काही झालं का? मला मात्र त्या रात्रीपेक्षा तिच्या आधीची वर्षं जास्त अस्वस्थ करतात. टर्बाइनचं मूळ डिझाइन ज्या अमेरिकी कंपनीचं, तिने पात्यांमधला दोष १९८९ मध्येच कळवला होता. पाती बदलली गेली नाहीत. केबल्सचा धडा तर त्याहून जुना. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत अलाबामातल्या ब्राउन्स फेरी केंद्रात कामगार हवेची गळती शोधत होते, चक्क मेणबत्तीच्या ज्योतीने. भिंतीतला फोम पेटला, केबल्स जळाल्या आणि एकापाठोपाठ एक सुरक्षा यंत्रणा निकामी झाल्या. त्यानंतर तिथे पर्यायी यंत्रणांच्या केबल्स एकमेकींपासून वेगळ्या ठेवण्याचे नियम झाले. नरोराची आग त्यानंतर अठरा वर्षांनी लागली.

आणि नरोरानंतर अठरा वर्षांनी, ११ मार्च २०११ ला, फुकुशिमा दाइचीत समुद्र आत शिरला. जवळपास सगळे डिझेल जनरेटर किंवा त्यांचे वीजफलक एकाच लाटेत पाण्याखाली गेले. वेगळ्या इमारतीत बसवलेला, समुद्राच्या पाण्याऐवजी हवेने थंड होणारा सहाव्या युनिटचा एक जनरेटर तेवढा चालू राहिला. पाचवं आणि सहावं युनिट त्याच्याच विजेवर वाचलं.