दूरस्थ वाचकाचे उद्बोधन : अमेरिकेतील महाविद्यालयीन वाचनवर्गांचा एक धागा (१८७३ पासून आजपर्यंत)

१

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत, म्हणजे तेथील द्विवर्षीय सार्वजनिक महाविद्यालयांत, ‘वाचन’ हा स्वतंत्र विषय म्हणून शिकविण्याची परंपरा आहे, ही गोष्ट आपल्याकडील विद्यार्थ्यास काहीशी चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मनुष्यास वाचता येतेच, असे आपण गृहीत धरून चालतो. परंतु अक्षरे लागणे ही एक गोष्ट, आणि तीस पानांच्या प्रकरणातील मुख्य प्रतिपादन हुडकून काढणे, लेखकाचा पुरावा व लेखकाचे मत ह्यांतील भेद ओळखणे ही दुसरी गोष्ट होय. ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी तेथे वर्ग चालतात, आणि गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत त्यांतील पुष्कळसे वर्ग ऑनलाइन भरू लागले आहेत.

अशा वर्गाचा पहिला आठवडा सामान्यतः उद्बोधनाचा असतो. विद्यार्थ्याने अध्यापकाचे स्वागतपत्र वाचावे, अभ्यासक्रमाची नियमपत्रिका वाचावी, तीवर आधारलेली छोटी चाचणी द्यावी, आणि सहाध्यायांसाठी स्वतःचा परिचय लिहावा, असा त्याचा क्रम. हा सारा कार्यालयीन सोपस्कार आहे व खरा अभ्यास त्यानंतर सुरू होतो, अशी समजूत विद्यार्थ्यांत आहे आणि अध्यापकांतही ती अगदीच विरळ नाही. ही समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. शिक्षकापासून दूर बसलेल्या वाचकास तीन गोष्टी लागतात : वाचनाची वेळ, वाचनाची रीत, आणि वाचलेले ज्याच्यापाशी मांडावे असे कोणी माणूस. ह्या तिहींची जुळणी करून देणे म्हणजेच उद्बोधन. एकोणिसाव्या शतकात ही तिन्ही अंगे एकत्र नांदत होती. विसाव्या शतकात ती परस्परांपासून सुटी झाली. आणि आजच्या ऑनलाइन वर्गापुढे ती पुन्हा एकत्र आणण्याचा प्रश्न उभा आहे.

२

ह्या परंपरेचा आरंभ १८७३ साली बॉस्टन येथे ॲना एलियट टिकनर हिने स्थापिलेल्या ‘घरी अध्ययनास उत्तेजन देणाऱ्या मंडळी’पासून धरणे सोयीचे होईल. स्पॅनिश वाङ्मयाचे इतिहासकार व हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज टिकनर ह्यांची ती कन्या. महाविद्यालयांची दारे स्त्रियांना बव्हंशी बंद असलेल्या त्या काळात टपालाच्या साहाय्याने त्यांना पद्धतशीर अध्ययन करता यावे, हा मंडळीचा हेतू होता. टिकनरबाईंच्या निधनानंतर १८९७ मध्ये ही संस्था बंद झाली. तोपर्यंतच्या चोवीस वर्षांत ७,०००हून अधिक स्त्रियांनी तिचा लाभ घेतला. मंडळीचे ग्रंथालय पुस्तके टपालाने घरपोच पाठवीत असे. शिकविणाऱ्या स्त्रिया वेतन न घेता काम करीत. इतिहास विभागाची धुरा कॅथरिन पीबडी लोरिंग हिच्याकडे होती, आणि विल्यम व हेन्री जेम्स ह्यांची भगिनी ॲलिस जेम्स हीदेखील काही काळ ह्याच विभागात पत्रद्वारा इतिहास शिकवीत असे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती ह्या मंडळीची अध्ययनपद्धती. विद्यार्थिनीने ठरलेला भाग वाचावा, पुस्तक मिटावे, आणि मग आठवणीतून टिपणे लिहावीत, असा दंडक होता. ह्या स्मरणटिपणांवर तिची शिक्षिका पत्राने अभिप्राय देई, शंकांचे निरसन करी व पुढील वाचन सुचवी. दर महिन्यास पत्र जावयाचे व यावयाचे, म्हणून वाचनास आपोआप कालमर्यादा पडे. पुस्तक मिटून लिहावयाचे, म्हणून रीत अंगवळणी पडे. आणि ते लिखाण कोणी एक नामनिर्दिष्ट व्यक्ती वाचणार, ह्या जाणिवेने वाचनास हेतू लाभे. वेळ, रीत व नाते ह्या तिन्ही गोष्टी एकाच पत्रात सामावलेल्या होत्या, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

३

टिकनरबाईंचे कार्य हेतुतः मर्यादित व शांत होते. तोच विचार विशाल प्रमाणावर राबविण्याचा प्रयत्न न्यूयॉर्क राज्यातील शटॉक्वा सरोवराकाठी झाला. मेथॉडिस्ट धर्मोपदेशक जॉन हायल व्हिन्सेंट आणि ओहायोतील कारखानदार ल्यूइस मिलर ह्यांनी १८७४ मध्ये तेथे उन्हाळी मेळावा सुरू केला होता. १८७८ च्या ऑगस्टमध्ये व्हिन्सेंट ह्यांनी चार वर्षांच्या गृहवाचनाची योजना जाहीर केली. पहिल्याच वर्गात ८,०००हून अधिक लोकांनी नावे नोंदविली. पहिल्या वर्षाच्या ग्रंथांत जॉन रिचर्ड ग्रीन ह्यांचा इंग्रज लोकांचा संक्षिप्त इतिहास होता. १८७४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ राजांच्या वंशावळीऐवजी लोकजीवनास मध्यवर्ती स्थान देणारा. तो शेतकरी, दुकानदार व गृहिणी ह्यांच्या हाती ह्या मार्गाने गेला, ही गोष्ट इतिहासलेखनाच्या अभ्यासकांनी ध्यानी घेण्याजोगी आहे.

व्हिन्सेंट ह्यांनी वाचकांस दिलेला पहिला उपदेश वेळेविषयीचा होता. दिवसाकाठी सुमारे चाळीस मिनिटे नियमाने वाचावे, इतकीच त्यांची अपेक्षा. गावोगावी वाचकांची मंडळे जमू लागली, आणि १८८० पासून निघालेले ‘द शटॉक्वन’ हे मासिक त्यांना वाचनाची दिशा दाखवू लागले. तथापि संख्या वाढली तशी शिक्षक-विद्यार्थी नात्याची वीण सैल झाली. १८८२ मध्ये चार वर्षे पुरी करून प्रमाणपत्र मिळविणारांची संख्या १,७००च्या आसपास होती. म्हणजे प्रारंभ केलेल्यांपैकी साधारण पाचव्या हिश्श्याने शेवट गाठला. ह्या आकड्याकडे केवळ अपयश म्हणून पाहणे उचित नव्हे. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर, २०११ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम ऑनलाइन खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० नोंदणी होऊनही तो पुरा करणारे त्याच्या सातव्या हिश्श्याच्या आसपासच होते.

ह्या उणिवेवर उपाय शोधला तो विल्यम रेनी हार्पर ह्यांनी. हिब्रू भाषा पत्रद्वारा शिकविण्याचा त्यांचा अनुभव दांडगा होता. शटॉक्वाच्या पत्रशिक्षणाचे वर्णन करताना त्यांनी ‘सूचनापत्रका’स मध्यवर्ती स्थान दिले आहे. कोणते काम करावयाचे, ते कोणत्या क्रमाने करावयाचे, पाठात कोठे चकण्याचा संभव आहे, हे सारे पत्रकात सांगितलेले असे. त्यासोबत प्रश्नपत्रिका येई. पाठ तयार केल्यावाचून तिची उत्तरे लिहिता येऊ नयेत अशी तिची रचना असे, आणि विद्यार्थ्याने उत्तरांबरोबर आपल्या अडचणीही कळवाव्यात अशी अपेक्षा होती. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष म्हणून हार्पर ह्यांनी पत्रद्वारा शिक्षणास विद्यापीठाच्या रचनेतच स्थान दिले. आजच्या ऑनलाइन वर्गातील आठवडावार सूचनापृष्ठाचा पूर्वज शोधावयाचा, तर तो ह्या सूचनापत्रकात सापडतो.

४

विसाव्या शतकात वाचनाचा प्रश्न टपालातून महाविद्यालयाच्या आवारात आला, आणि त्याचबरोबर त्याचे स्वरूपही पालटले. वाचन हे मोजता येणारे कौशल्य आहे, ह्या भूमिकेतून प्रयोगशाळा निघाल्या. डोळ्यांपुढे क्षणभर शब्द झळकविणारी यंत्रे, ओळी सरकविणारे चित्रपट, आणि मिनिटास किती शब्द हा हिशेब, ही त्यांची साधने होती. १९५७ मध्ये डॉन पार्कर ह्यांनी तयार केलेल्या रंगीत पत्रकांच्या पेट्या शाळांत आल्या; प्रत्येकाने आपापल्या पातळीवरून पुढील रंगाकडे सरकावयाचे. रीतीचे यंत्र झाले आणि नाते बाजूस पडले.

ह्याच काळात ह्याच्या उलट दिशेचे विचारही मांडले गेले. ओहायो स्टेट विद्यापीठातील फ्रान्सिस रॉबिन्सन ह्यांनी १९४६ मध्ये अध्ययनाची पाच पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली : प्रथम प्रकरणावर धावती नजर टाकणे, मथळ्यांवरून प्रश्न तयार करणे, मग वाचणे, पुस्तक मिटून स्वतःशी मांडणे, आणि शेवटी उजळणी. ह्यातील चौथी पायरी म्हणजे टिकनरबाईंच्या स्मरणटिपणांचेच शास्त्रीय रूप होय. पुनर्वाचनापेक्षा स्वतः आठवून मांडण्यात घालविलेला वेळ अधिक फलदायी ठरतो, हे आर्थर गेट्स ह्यांनी १९१७ मध्येच प्रयोगाने दाखविले होते.

परंतु सर्वांत उद्बोधक पुरावा हार्वर्डमधून आला. तेथील अध्ययन-सल्ला विभागाचे प्रमुख विल्यम पेरी ह्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात एका साध्या चाचणीचा वृत्तांत आहे. प्रथम वर्षाच्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांना इंग्लंडमधील संस्थांच्या विकासावरील इतिहासग्रंथातले तीस पानांचे प्रकरण देण्यात आले. लवकरच परीक्षा द्यावयाची आहे असे समजून त्याचा अभ्यास करा, एवढीच सूचना होती. बावीस मिनिटांनी त्यांना थांबविले. बहुतेकांनी पहिल्या ओळीपासून सुरुवात करून सरळ वाचीत जाण्याचा क्रम धरला होता. वाचलेल्या भागातील तपशिलांवरील प्रश्नांची उत्तरे त्यांनी उत्तम दिली. परंतु प्रकरण एकंदरीत कशाविषयी आहे हे थोडक्यात लिहा, असे सांगताच ते लिहू शकणारे शंभरात एक, म्हणजे अवघे पंधरा निघाले. प्रकरणाच्या अखेरीस सारांश दिलेला होता. तो आधी पाहावा हे इतरांना सुचले नाही.

पेरी ह्यांचा निष्कर्ष असा की, ह्या विद्यार्थ्यांत कौशल्याची वाण नव्हती. वाण होती ती हेतूची. सांगितले म्हणून ते वाचीत होते. कशासाठी वाचावयाचे हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारलाच नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ह्या प्रयोगातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. सनावळ्या पाठ असूनही लेखकाचे म्हणणे निसटणे, हा दोष केवळ हार्वर्डच्या आवारापुरता मर्यादित नाही.

५

ऑनलाइन वर्ग आला तो ह्या साऱ्या पार्श्वभूमीवर. त्याच्या उद्बोधनास आजचे रूप कसे आले, ह्याचे एक कारण शैक्षणिक नसून प्रशासकीय आहे. केवळ नफ्यासाठी पत्रशिक्षण विकणाऱ्या संस्थांचा बंदोबस्त करण्याकरिता अमेरिकी काँग्रेसने १९९२ मध्ये निर्बंध घातले : ज्या संस्थेचे निम्म्याहून अधिक अभ्यासक्रम पत्रद्वारा चालत, तिचे विद्यार्थी संघराज्याच्या अर्थसाहाय्यास अपात्र ठरत. २००६ मध्ये ऑनलाइन शिक्षण ह्या बंधनातून मोकळे झाले. परंतु अध्यापक व विद्यार्थी ह्यांच्यात नियमित व सार्थ संपर्क असणे आवश्यक मानले गेले. संपर्क नसेल तर तो वर्ग ‘पत्रद्वारा’ समजावयाचा. नुसते लॉगिन केल्याने हजेरी लागत नाही. काही शैक्षणिक काम केल्याची नोंद हवी. त्यामुळे पहिल्या आठवड्यातील परिचयलेखन व नियमचाचणी ह्यांना हजेरीपटाचे काम आले, आणि ते न करणाऱ्याचे नाव पटावरून कमी होऊ लागले. ज्या ‘पत्रद्वारा’ शब्दात टिकनरबाईंच्या काळी जिव्हाळ्याचा संपर्क अभिप्रेत होता, तोच शब्द कायद्याच्या भाषेत संपर्काच्या अभावाचा वाचक व्हावा, हा इतिहासातील मोठाच विपर्यास होय.

ह्या व्यवस्थेत एक गंभीर अडचण आहे. समोरासमोरच्या वर्गात अध्यापक नियम तोंडी सांगतो. चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून तो ते पुन्हा सांगतो. ऑनलाइन वर्गात प्रत्येक सूचना लिखित असते. मग ज्याला दीर्घ मजकुरातून मुद्दा काढता येत नाही म्हणून जो ह्या वर्गात आला, त्यालाच प्रवेश करताक्षणी दहा-पंधरा पानांचा मजकूर वाचून मुदती, गुणपद्धती व कामाचा क्रम उमजून घ्यावा लागतो. वाचन शिकविणाऱ्या घराचे दार वाचूनच उघडावे लागते. वॉशिंग्टन राज्यातील कम्युनिटी कॉलेजांच्या ४०,०००हून अधिक विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून शू व जॅगर्स ह्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑनलाइन वर्गांतील कामगिरी एकंदरीतच खालावलेली आढळली. आणि तरुण वयाचे, कृष्णवर्णीय व आधीपासून गुण कमी असलेले विद्यार्थी ह्यांत ही घसरण अधिक होती. म्हणजे ज्यांच्यासाठी दार उघडावयाचे, तेच उंबरठ्यावर अडखळतात.

म्हणूनच उद्बोधन हाच वाचनाचा पहिला पाठ मानणे अगत्याचे ठरते. नियमपत्रिका हा विद्यार्थ्यापुढे आलेला पहिला ग्रंथ. तिच्यावर धावती नजर टाकून प्रश्न तयार करावयास लावणे, ती मिटून आठवणीतून लिहावयास लावणे, आणि त्या लिखाणास अध्यापकाने व्यक्तिशः उत्तर देणे, ह्यासाठी नव्या साधनांची गरज नाही. ‘अंतिम मुदत कोणती ?’ हा प्रश्न पेरींच्या विद्यार्थ्यांनाही सहज सुटला असता. ‘हा अभ्यासक्रम तुमच्याकडून काय अपेक्षितो, आणि तुम्ही त्याच्याकडून काय अपेक्षिता?’ हा प्रश्न त्यांना अडविता.

६

हा विचार आपणांसही परका नाही. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांस अभ्यासकेंद्रांची जोड दिली, ती ह्याच जाणिवेने. २०१७ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘स्वयम्’ मंचावरील अभ्यासक्रमांची चार अंगे आहेत : चित्रफीत-व्याख्यान, वाचनसाहित्य, स्वपरीक्षण व चर्चा. ह्यांपैकी वाचनसाहित्य कसे वाचावे हे सांगण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न अद्याप पुरेसा चर्चिला गेलेला नाही.

संशोधकांच्या दृष्टीनेही एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. सामान्य वाचक प्रत्यक्षात कसा वाचीत होता, हे कळण्याची साधने फार थोडी असतात. टिकनरबाईंच्या मंडळीची पत्रे, शटॉक्वाची मासिके, हार्पर ह्यांची सूचनापत्रके ही तशी साधने आहेत. आजच्या ऑनलाइन वर्गांची स्वागतपत्रे व पहिल्या आठवड्यातील लिखाण सत्र संपताच बहुधा दृष्टिआड होते. पुढील पिढीच्या इतिहासकारास आपल्या काळातील वाचकाचा शोध घ्यावयाचा असेल, तर निदान सूचनापृष्ठे तरी विभागांनी जतन करून ठेवली पाहिजेत. विद्यार्थ्याचा आपल्या विद्येशी पहिला परिचय आपण कोणत्या शब्दांत करून दिला, हे त्यांवरूनच पुढे कळणार आहे.