तळटीप : कावसजीचे नाक आणि हाडाचा आधार

७. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला बैल हाकणारा. टिपूच्या कैदेत त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याकडे झालेल्या त्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापला. मेणाचा नमुना कपाळावर सपाट पसरायचा, तेवढी कातडी सोडवायची आणि भुवयांमधल्या देठावर वळवून खाली आणायची, अशी ती रीत. लेखकाने इथे ‘हाडासकट नवे नाक’ म्हटले आहे, ते मान्य करता येत नाही. वृत्तान्तात हाडाचे नाव नाही आणि बहुधा गरजही नव्हती: शस्त्राने छाटला जातो तो मुख्यतः कूर्चेचा भाग, मुळाकडची हाडे सहसा वाचतात.

उपदंशाने किंवा जबर माराने नाकाचा कणाच बसला, की प्रश्न वेगळा. आधाराविना नुसती कातडी आकसते. अशा खोलगट नाकात बर्लिनच्या जेम्स इस्रायल यांनी १८९६ च्या सुमारास नडगीचे हाड घातले. पुढे बरगडी, कमरेच्या हाडाची कड आणि कवटीचा बाहेरचा थर वापरात आले. कवटीचे हाड तुलनेने कमी झिजते. शिवाय व्रण केसांत लपतो. तुकडा नाकाच्या मुळाशी, खरवडून उघड्या केलेल्या हाडाला स्क्रूने आवळतात. छज्ज्यासारखे त्याचे एकच टोक धरलेले असते. तो हलता राहिला तर जुळून न येता जिरू लागतो. शेंडा मात्र कूर्चेचाच करतात, कारण तिथे हाड नेले तर नाक दाबले असता लवत नाही.