एकांकिकांची संध्याकाळ

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर एकांकिकेला स्वतःची तिकीटखिडकी कधी लाभली नाही. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाला पूर्ण संध्याकाळ हवी असे. अर्ध्यापाऊण तासाच्या नाट्यकृतीला स्नेहसंमेलन, गणेशोत्सवाचा मांडव आणि स्पर्धा एवढीच ठिकाणे उरत. नव्या लेखकाची पहिली धाव मात्र बहुधा एवढ्याच लांबीची असते. ही अडचण १९६० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘रंगायन’ने ओळखली. विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे प्रभृतींच्या या संस्थेचा आधार सभासदांची वर्गणी हा होता. प्रेक्षक आधीच बांधलेला असल्याने एखादा प्रयोग फसला तरी संस्था बुडत नसे. प्रायोगिकतेच्या चर्चेत या साध्या हिशेबाचा उल्लेख क्वचितच होतो.

महेश एलकुंचवारांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नागपुरात ‘रंगायन’चा ‘मी जिंकलो! मी हरलो!’चा प्रयोग पाहून ते नाट्यलेखनाकडे वळले. त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त प्रसिद्ध झाली, ती विजयाबाईंच्या वाचनात आली, आणि १९६९-७० च्या सुमारास ‘होळी’ व ‘सुलतान’ त्यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आल्या. इंग्रजी साहित्याच्या या अध्यापकाचा नाटकाशी संबंध तोवर मुख्यतः वाचनाचा होता. कागदावरचे वाक्य नटाच्या श्वासात किती टिकते, हे त्याला प्रयोगानेच दाखवले असणार. ‘होळी’त तर वसतिगृहातल्या मुलांचा जमाव हेच मुख्य पात्र आहे. सुट्टी नाकारल्याचा राग हळूहळू एका दुबळ्या मुलाच्या छळाकडे आणि त्याच्या आत्महत्येकडे वळतो. वाचताना ही मुले म्हणजे केवळ नावे. रंगमंचावर मात्र त्यांचा गोंगाट प्रेक्षकालाही आपल्यात ओढतो. इतक्या नटांची ‘नाईट’ मोजणारा निर्माता अशा संहितेला हात लावताना दहादा विचार करील. हौशी संस्थेला ती पेलली, कारण तिच्याकडे पैसा नसला तरी तरुण माणसे होती.

‘रंगायन’ थांबल्यावर ‘आविष्कार’ने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेचे सभागृह प्रयोगांसाठी घेतले. शाळा सुटल्यावर नाटक. नट आणि प्रेक्षक यांच्यात हातभर अंतर. इतर संस्थांनाही तिथे जागा मिळाली, हे अरुण काकडे यांच्या संघटनकौशल्याचे फळ. अर्थात या जवळिकीत धोकाही होता. प्रेक्षक बरेचसे ओळखीचे, एका वर्गाचे, आणि ओळखीची दाद लेखकाला लवकर सैल करते.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून महाविद्यालयीन रंगकर्मी घडवीत आली. सतीश आळेकरांची ‘झुलता पूल’ ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्याच वातावरणातली. पण स्पर्धेला निकाल लागतो, आणि निकालाच्या धाकाने शेवटच्या धक्क्यासाठी रचलेल्या संहितांचे पीकही येते. ‘रंगायन’च्या संध्याकाळी हा धाक नव्हता.

एकांकिकेला मोठ्या नाटकाची पायरी मानण्याची समीक्षेची सवय जुनी आहे. एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजयाबाईंनीच बसवले, तेव्हा आधीच्या एकांकिका पूर्वतयारीच्या खात्यात जमा झाल्या. वास्तविक ‘होळी’ तोवर आपल्या बळावर दूर गेली होती. तिच्यावरचा केतन मेहता यांचा हिंदी चित्रपट १९८४ चा, म्हणजे ‘वाड्या’च्याही आधीचा.