ॲव्हरेजचा आकडा येतो कुठून?

गाडी कुठलीही असो, वडूजच्या एसटी स्टँडसमोर पहिला प्रश्न ठरलेला. "ॲव्हरेज किती देते?" 2013 साली चाकणच्या कारखान्यातून पोलो जीटी टीएसआय बाहेर पडली, तेव्हाही तेच. 1.2 लिटरचं छोटं टर्बो पेट्रोल इंजिन, ताकद 105 अश्वशक्ती. पळायला वाघ! आणि कागदावर लिटरला 17.2 किलोमीटर. टाकी 45 लिटरची, म्हणजे हिशेबाने 774 किलोमीटर.

पण हा आकडा रस्त्यावरचा नाहीच. 1966 साली पुण्यात स्थापन झालेल्या एआरएआयच्या चाचणीत गाडी रोलरवर धावते, एसी बंद, वेग 90 च्या आत. तिथं ना घाट, ना पुढं उसाचा ट्रॅक्टर. टर्बोची मेख इथंच आहे. पाय हलका ठेवला तर ते लहान इंजिनासारखं वागतं. दाबला की आत हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त. लिटरला 12 पडले तर तीच टाकी 540 ला रिकामी.

मधले 234 किलोमीटर गेले कुठं? खोटं कुणी बोललं नाही हो, चाचणीच्या अटी कुणी विचारल्या नाहीत.

2022 ला पोलोचं उत्पादन थांबलं. आता सेकंडहँड बघायला जाणारे फोन करतात. त्यांना सांगतो, टाकी फुल करा, आठवडाभर फिरवा, परत फुल करा आणि स्वतः भागाकार करा.