मेंदूतील चिप आणि मनाचे स्वातंत्र्य

मेंदूतील विद्युत संकेत टिपून संगणकाकडे पाठवणाऱ्या यंत्रणेला मेंदू-संगणक जोडणी म्हणतात. काही यंत्रणांत शस्त्रक्रियेने इलेक्ट्रोड बसवतात, काहींत डोक्यावर टोपी घालतात. अशी यंत्रे मनातले सगळे वाचत नाहीत. हालचाल करण्याच्या किंवा बोलण्याच्या प्रयत्नाचे संकेत सरावाने ओळखतात.

उपयोग
२००४ मध्ये अमेरिकेतील ब्रेनगेट चाचणीत हातपाय लुळे पडलेल्या तरुणाने नुसत्या विचाराने कर्सर हलवला. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांच्या मदतीने अशाच एका रुग्णाने मिनिटाला ९० अक्षरे लिहिली. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंकने पहिल्या माणसाच्या मेंदूत चिप बसवली. परावलंबी माणसाला पुन्हा बोलता-लिहिता येणे ही करुणेचीच गोष्ट आहे. आमचा या विज्ञानाला विरोध नाही.

धोके
अंधांसाठीचे 'आर्गस २' हे उपकरण जगभरात साडेतीनशेहून अधिक लोकांनी डोळ्यांत बसवून घेतले होते. कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि यंत्र शरीरात असतानाच दुरुस्तीचा आधार तुटला.

दुसरा धोका सत्तेचा. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात तरुणीला जन्मठेप देताना मेंदूलहरींच्या चाचणीचा अहवालही विचारात घेतला. आपल्या तुरुंगांत दलित, आदिवासी, मुस्लिम कच्च्या कैद्यांचे प्रमाण मोठे आहे. अशी चाचणी आधी कोणावर होईल, हे वेगळे सांगायला नको.

कायदा
संविधानाच्या कलम २०(३) नुसार आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. त्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या सेल्वी निकालात नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली. २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेतच मेंदूतील माहितीला संरक्षण दिले.

आपली भूमिका
धम्मात मन केंद्रस्थानी आहे. ते जाणण्याचा आणि घडवण्याचा अभ्यास ज्याचा त्याने करायचा असतो. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: संमती रुग्णाच्या भाषेत, समजावून घेतली का? माहितीची मालकी कोणाची? कंपनी बुडाली तर जबाबदार कोण? पोलीस ठाण्यात कोणी 'चाचणीला तयार आहे' असे लिहून घेत असेल, तर सही करण्याआधी वकील मागावा. सेल्वी निकालाने तो हक्क दिला आहे. वस्तीतल्या प्रत्येक तरुणाला तो माहीत हवा.