उत्तराचे मोल : इंदापूरची मोजणी

टपालाने पाठविलेल्या प्रश्नावलीसोबत एखादे नाणे किंवा छोटी वस्तू आधीच जोडली, तर उत्तरे अधिक येतात, हे विसाव्या शतकातील सर्वेक्षणशास्त्राने दाखवून दिले. परंतु विचारणारा आणि उत्तर देणारा यांच्यातील भेटवस्तूचा प्रवाह उलट वाहिला, म्हणजे उत्तर देणाऱ्यालाच काही द्यावे लागले, की काय घडते, याचा धडा पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्याने त्याआधीच घेतला होता. 1820 च्या दशकात ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांच्या जमीन-पाहणीने प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न, म्हणजे लागवडीचा खर्च वजा जाता उरणारा भाग, ठरवून त्याच्या 55 टक्के सारा, म्हणजे जमीन महसूल, धरला. उत्तरावरच सारा अवलंबून असल्याने खरे सांगण्यात रयतेचे नुकसान होते, आणि पाहणी कारकुनांच्या हाती असल्याने आकडे लाचेने वाकत. ज्याला काही देता येत नसे, त्याच्यावर भार पडे, ही त्यातील सर्वांत दुःखद बाब होय. जमिनी ओस पडल्या, कुळे परागंदा झाली. 1835 पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी येथेच नवी पद्धत उभारली, जी पुढे भीमथडीत, म्हणजे आजच्या बारामतीच्या परिसरातही, गेली. त्यांनी उत्पन्नाची चौकशी सोडून मातीची खोली व पोत पाहून शेताची प्रत आण्यांत लावली, कारकुनांच्या प्रतवारीची फेरतपासणी ठेवली आणि कमी केलेला सारा 30 वर्षे न वाढविण्याची हमी दिली. रयतेला मिळालेली खरी भेट ही हमीच होती, कारण ती कोणत्याही उत्तराच्या बदल्यात दिलेली नव्हती.