पाच आऱ्यांच्या चाकाची कुळकथा

१९६४ साली पाँटिॲकने जीटीओ आणली, तेव्हा तिच्या बॉनेटखाली ३८९ घनइंचांचं, म्हणजे साधारण ६.४ लिटरचं इंजिन होतं. त्यातलं साधं इंजिनसुद्धा ३२५ अश्वशक्तीचं. ही ताकद ज्यांच्यामार्फत रस्त्यावर उतरायची ती चाकं मात्र पत्रा दाबून केलेली, १४ इंच व्यासाची आणि जेमतेम ६ इंच रुंदीची होती. वर एक चकचकीत हबकॅप. अमेरिकेतल्या ज्या मोटारींना आज आपण मसल कार म्हणतो, त्यांचं इंजिन आणि चाक असं विजोड होतं. म्हणून नवी गाडी घेतलेले तरुण आधी चाकं बदलायचे. ती बदली चाकं आली शर्यतीच्या मैदानावरून.

त्यांचा मूळपुरुष मॅग्नेशियमचा. महायुद्धात विमानांच्या भागांसाठी हा धातू भरपूर वापरला गेला होता. युद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या टेड हॅलिब्रँड यांनी त्याची चाकं ओतली आणि १९५०च्या दशकात इंडियानापोलिसच्या शर्यतीत ती सर्रास दिसू लागली. पोलादाची घनता ७.८५, ॲल्युमिनियमची २.७, मॅग्नेशियमची फक्त १.७४. चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. खड्ड्यातून उसळलेलं जड चाक स्प्रिंगला पटकन खाली दाबता येत नाही आणि तेवढा वेळ टायरची रस्त्यावरची पकड सुटते. शिवाय चाक पुढे जाता जाता फिरवावंही लागतं, त्यामुळे कडेला वाढलेला प्रत्येक किलो इंजिनाला जास्तच जाणवतो.

१९५६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ड्रॅग शर्यतींचा रोमियो पालामिडीस, अभियंता जिम एलिसन आणि मशीन शॉप चालवणारा टॉम ग्रिफिथ यांनी ‘अमेरिकन रेसिंग’ काढली. पाव मैलाच्या सरळ पट्टीवर सेकंदाच्या शतांशासाठी झटणाऱ्या गाड्यांना हलकी चाकं पुरवणं हा त्यांचा धंदा. तिथूनच १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘टॉर्क थ्रस्ट’ आलं. पाच निमुळते आरे, मध्ये मोकळ्या जागा आणि बाहेर झळाळती कड. मला हे चाक आजवरच्या मसल कारच्या चाकांत सर्वांत देखणं वाटतं, कारण त्यातली एकही रेघ केवळ शोभेची नाही. आऱ्यांमधल्या मोकळ्या जागेतून ब्रेकला वारा लागतो. पुढे डिस्क ब्रेक आले, तेव्हा कॅलिपरला जागा मिळावी म्हणून आऱ्यांना बाहेरच्या बाजूला बाक दिला आणि नावापुढे ‘डी’ जोडलं. १९६८च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनची हिरवी मस्टँग हीच चाकं घालून सॅन फ्रान्सिस्कोच्या चढ-उतारांवरून धावते, म्हणजे चाकाच्या जन्मगावातूनच.

मॅग्नेशियम मात्र रोजच्या रस्त्याला सोसेना. हिवाळ्यात अमेरिकी रस्त्यांवर बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि त्या मिठाने हा धातू खाल्ला जातो. ओतीव मॅग्नेशियम सच्छिद्र राहिलं तर हवाही झिरपते. ब्लो होल म्हणजे काय हे कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून रस्त्यावरची चाकं ॲल्युमिनियमची झाली. ‘मॅग’ हे नाव तेवढं चिकटून राहिलं आणि आपल्याकडच्या गॅरेजांतही ‘मॅगव्हील’ म्हणून पोचलं.

त्याच १९६४मध्ये आलेल्या ‘क्रेगर एसएस’ची गोष्ट वेगळी आहे. ते करणारे बेल ऑटो पार्ट्सचे रॉय रिक्टर. शर्यतपटूंसाठी बेलची हेल्मेटं काढणारे तेच. त्यांना चाक दिसायला झगमगीत हवं होतं आणि खिशाला परवडणारंही. कड पोलादी, मधला पंचकोनी तारा ॲल्युमिनियमचा, दोन्हींवर क्रोम. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना वेल्डिंग करता येत नाहीत, म्हणून तारा ओततानाच त्यात पोलादी तुकडे बसवले आणि ते कडेला वेल्ड केले. युक्ती उत्तम होती. पण दोन भिन्न धातू एकत्र ओले झाले की गंज लवकर पकडतो. जुनी मूळ जोडी विकत घेताना सांधा घासून पाहा, क्रोमच्या चकाकीवर भुलू नका.

मागणी वाढली तशी नक्कलही वाढली. आकार उचलणं सोपं असतं, धातूची शुद्धता आणि उष्णतासंस्कार उचलता येत नाहीत. त्यात एकच चाक अनेक गाड्यांना बसावं म्हणून बोल्टची भोकं लांबट ठेवण्याची रीत पडली. फोर्ड आणि क्रायस्लरच्या बहुतेक मसल कारचे पाच बोल्ट साडेचार इंचांच्या वर्तुळावर असतात, तर शेवरले आणि पाँटिॲकचे पावणेपाच इंचांच्या. फरक पाव इंचाचा. लांबट भोकात चाक नेमकं मध्यावर बसवायचं काम मग वॉशरवर येतं. १९६९मध्ये क्रायस्लरने कारखान्यातूनच दिलेली केल्सी-हेजची चाकं परत मागवली, कारण त्यांचे नट घट्ट राहत नव्हते. संग्राहक त्यांना आजही ‘रिकॉल व्हील’ म्हणतात.

१९६३मध्ये स्थापन झालेल्या ‘सेमा’ या सुट्या भागांच्या उत्पादकांच्या संघटनेने शर्यतीच्या भागांसाठी सुरक्षेचे निकष ठरवायला घेतले. पुढे १९७८मध्ये या कामासाठी एसएफआय ही स्वतंत्र संस्था झाली. आज अमेरिकेत बदली चाकांसाठी एसएई जे२५३० हे मानक आहे आणि जपानचं जेडब्ल्यूएल. चाक वाकवून फिरवणं, भाराखाली हजारो फेरे देणं, कडेवर वजन आदळणं, अशा चाचण्या त्यात येतात.

म्हणून आज कोणी मस्टँग किंवा शेव्हेल नव्याने सजवत असेल, तर चाक आधी पालथं करून पाहावं. पाठीवर भारक्षमता, आकार आणि मानकाची खूण ओतलेली किंवा कोरलेली असते. माणसं-सामान धरून पुढच्या आसावर ९५० किलो येत असतील, तर एका चाकाची क्षमता किमान ४७५ हवी आणि मी तर त्याहून बरीच जास्त मागेन. मग बॅकस्पेसिंग, म्हणजे चाक हबला टेकतं तिथपासून आतल्या कडेपर्यंतचं अंतर. ते चुकलं की टायर मडगार्डला नाही तर सस्पेन्शनला घासतो. नट चाकासोबतचेच वापरावेत. जुन्या घाटाच्या मॅगव्हीलच्या नटाला सरळ मान आणि चपटं वॉशर असतं. तिथे शंकूच्या तोंडाचा नट लावला, तर तो फक्त भोकाच्या कडेला टेकतो आणि सैल होतो. नवं चाक बसवल्यावर शंभर-दीडशे किलोमीटरांनी टॉर्क रेंचने नट पुन्हा तपासावेत.

ओतीवपेक्षा घडीव चाक त्याच वजनात अधिक मजबूत, पण महाग. नेहमीच्या वापराला नीट ओतलेलं चाक पुरेसं आहे. वीस इंची चाकं घालायचा सध्याचा सोस मला पटत नाही. टायरची भिंत उरत नाही, वजन वाढतं आणि पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीचं सगळं प्रमाण बिघडतं. पंधरा इंच उत्तम, मोठे डिस्क ब्रेक बसवले असतील तर सतरा. आणि पाठीवर भारक्षमता लिहिलेली नसेल, तर चाक कितीही सुंदर असो, घेऊ नका.